विहिरी, चिरेखाणी, उन्हाळी आणि नाकातून शिरणारा अमिबा: कोकणापुरतं बोलू या

माडाखालची

आमच्या गावाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक ढकलपत्र फिरतंय. केरळातला मेंदू खाणारा अमिबा आता कोकणात येतोय, विहिरीचं पाणी पिऊ नका, समुद्रात उतरू नका, मासे खाऊ नका. मासे खाऊ नका म्हटल्यावर अर्धा गाव हसला, पण उरलेला अर्धा खरोखरच घाबरलाय. आमचं गुहागरच्या बाजूला घरगुती निवासाचं काम आहे, मागे पोहायला छोटा टँक आहे. मे महिन्याच्या बुकिंगसाठी फोन करणारे हल्ली एसीच्या आधी अमिबाचं विचारतात. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे ग्रुपवरचे सगळे प्रश्नही माझ्याच गळ्यात पडले. तिथे तुकड्यातुकड्यांत उत्तरं देण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहिते.

या प्राण्याचं नाव नेग्लेरिया फाउलेरी. एकपेशीय, गोड्या पाण्यात आणि ओल्या मातीत राहणारा, तळाच्या गाळातले जिवाणू खाऊन जगणारा. त्याला जगायला माणूस लागतच नाही. थंडी पडली किंवा पाणी आटलं की तो कवच करून बसतो, खाणं संपलं की शेपट्या फुटून पोहत दुसरीकडे जातो, आणि पाणी गरम झालं की वाढतो. सुमारे 46 अंश सेल्सियसपर्यंतचं पाणी त्याला मानवतं. बाकी सूक्ष्मजीव जिथे माघार घेतात तिथे याचं फावतं.

माणसाला तो बाधतो फक्त नाकातून. उडी मारताना, बुडी घेताना किंवा नाक धुताना पाणी जोराने वर गेलं, तर नाकाच्या छताशी असलेल्या चाळणीसारख्या हाडातून वासाच्या मज्जातंतूंच्या वाटेने तो मेंदूत पोचतो. तेच पाणी प्यायलात तर काहीही होत नाही. रुग्णापासून दुसऱ्याला लागण होत नाही. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तो जगत नाही, आणि बांगड्याचा तर त्याच्याशी काडीचा संबंध नाही. म्हणजे ढकलपत्रातल्या तिन्ही सूचना चुकीच्या, आणि जी द्यायला हवी होती ती, नाकाची, त्यात नाहीच.

आता घाबरण्यासारखा भाग. आजार झाला तर तो फार भयंकर आहे. पाणी नाकात गेल्यापासून साधारण 1 ते 12 दिवसांत कपाळाकडचं जबरदस्त डोकं दुखणं, ताप, उलट्या. मग मान आखडते, उजेड सहन होत नाही, माणूस असंबद्ध बोलू लागतो, झटके येतात. लक्षणं सुरू झाल्यावर बहुतेक रुग्ण आठवडाभरही काढत नाहीत. अमेरिकेत 1962 ते 2023 मध्ये 164 रुग्ण नोंदले गेले, त्यातले फक्त 4 वाचले. आणि याच आकड्याची दुसरी बाजू: एवढ्या मोठ्या देशात, जिथे उन्हाळाभर लोक तळ्यांत पडलेले असतात, साठ वर्षांत 164.

हा रोग आजचा नाही. ऑस्ट्रेलियात अॅडलेडच्या माल्कम फाउलर आणि रॉडनी कार्टर यांनी 1965 मध्ये त्याचं पहिलं वर्णन छापलं, भारतातल्या मुलांमधली नोंद 1971 सालची आहे. केरळात पहिला रुग्ण 2016 मध्ये आलप्पुळ्यात सापडला, आणि 2024 पासून तिथे आकडे एकदम वाढले.

मला विचारायचंय ते कोकणाचं. हवामान, विहिरी, तळी, पाऊस, सगळं आपलं केरळासारखंच. तिथे जे चाललंय ते इथे होतच नाही, की होतं आणि कुणी शोधत नाही? जाणकारांनी लिहावं. राजकारण नको.

मालवणी खाजं

गे बाय, आमी ल्हान आसताना तळयेत म्हशींवांगडा पेवलंव, नाकातोंडात पाणी गेला, घराक येवन पेज जेवलंव. कोणाक काय झाला नाय. आधी लेप्टो, मगे दोडामार्गाक माकडताप, आता ह्यो नवो पावणो. माणसान आंघोळ तरी करूची की नाय?

स्टेथोस्कोप

खाजंराव, आंघोळ करा, रोज करा. तुमच्या म्हशींच्या तळीत अमिबा असण्याची शक्यता भरपूर होती, तरी तुम्हाला काही झालं नाही, यात आश्चर्य काहीच नाही. काही देशांत निरोगी लोकांचं रक्त तपासलं तेव्हा कित्येकांत या अमिबाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. म्हणजे गाठ अनेकांची पडते, आजार फार थोड्यांना होतो. असं का, याचं पूर्ण उत्तर अजून कुणाकडे नाही. लहान मुलं आणि तरुण मुलगे जास्त सापडतात हे मात्र खरं. तेच उड्या मारतात, तेच तळाचा गाळ ढवळतात, आणि लहान मुलांत ते चाळणीचं हाड जास्त सच्छिद्र असतं.

माडाखालची ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर. मी तळकोकणात प्रॅक्टिस करतो. ताप, डोकेदुखी, आखडलेली मान घेऊन रुग्ण आला की डोक्यात आधी जिवाणूंचा मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाची सूज) येतो, पावसात लेप्टो, स्क्रब टायफस, डोंगरपट्ट्यात माकडताप. पाठीतलं पाणी काढलं तर या अमिबाच्या रुग्णातही ते जिवाणूंच्या मेनिंजायटिससारखंच दिसतं: पांढऱ्या पेशी वाढलेल्या, साखर कमी. जिवाणू ओळखायच्या नेहमीच्या ग्रॅम रंगकामात अमिबा कळत नाही. तो दिसतो तो ताज्या थेंबात, सूक्ष्मदर्शकाखाली लगेच पाहिलं तर, सरपटताना. नमुना फ्रिजमध्ये ठेवला की तो गप्प होतो आणि पांढऱ्या पेशींत मिसळून जातो. रुग्ण तीनचार दिवसांत गेला तर कागदावर ‘मेंदूज्वर’ एवढंच राहतं. कोकणात असं झालंय असं मी म्हणत नाही. झालं असतं तर कळलं असतं का, एवढंच विचारतो.

म्हणून नातेवाइकांनी एक करावं. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा: ‘गेल्या पंधरा दिवसांत पोरगा अमुक तळ्यात पोहला होता’, ‘जलनेती करतो, पाण्याने नाक धुतो’. या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते.

चाकरमानी

औषधच नाही ना यावर? मग आधी कळून तरी काय उपयोग?

स्टेथोस्कोप

औषधं आहेत. एकच रामबाण नाही. अँफोटेरिसिन बी, रिफाम्पिसिन, फ्लुकोनाझोल, अझिथ्रोमायसिन अशी चारपाच एकदम देतात, मेंदूची सूज उतरवण्याचे उपाय जोडीला, आणि मिल्टेफोसिन. हे शेवटचं आधी कर्करोगासाठी शोधलेलं आणि मग आपल्याकडे बिहारच्या काळा आजारावर वापरात आलेलं औषध. 2013 मध्ये अमेरिकेत आर्कान्सातली 12 वर्षांची मुलगी वाचली त्यात ते होतं. केरळात जुलै 2024 मध्ये कोळिकोड जिल्ह्यातला 14 वर्षांचा मुलगा वाचला. दोघांतलं साम्य म्हणजे रोग फार लवकर ओळखला गेला. दोन दिवस उशीर झाला की हीच औषधं हात टेकतात.

सिंधुदुर्गातले लोक गंभीर रुग्ण घेऊन गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, वरच्या तालुक्यांतले कोल्हापूरला. ते ठीकच. वाटेत गाडीत बसल्याबसल्या पाण्याची ही माहिती चिठ्ठीवर लिहून काढा, कारण तिथे पोचल्यावर गडबडीत कुणालाच काही आठवत नाही.

कोट्टयमवासी

नोकरीमुळे बरीच वर्षं केरळात आहे, मूळचा देवरूखचा. इथलं थोडं लिहितो.

2024 मध्ये केरळात 36 रुग्ण आणि 9 मृत्यू. 2025 मध्ये सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच 69 रुग्ण आणि 19 मृत्यू. जगभर या रोगात 97 टक्क्यांहून जास्त माणसं मरतात आणि इथे बहुसंख्य वाचलेले दिसतात, ते कसं, असं कुणीही विचारेल. दोन कारणं आहेत. मेंदूज्वराच्या रुग्णात अमिबा शोधायचाच असा नियम इथल्या सरकारने केला, तिरुवनंतपुरमच्या राज्य प्रयोगशाळेत पीसीआर चाचणी होऊ लागली, म्हणून रुग्ण लवकर हाती लागतात. दुसरं, या आकड्यांत सगळे नेग्लेरियाचे नाहीत. अकँथामिबा आणि इतर अमिबांचेही आहेत. ते आजार हळू चालतात आणि उपचाराला वेळ देतात.

म्हणून ‘केरळात साथ आली’ हे अर्धंच खरं वाटतं. काही वाढ खरी असेल, उष्णता वाढतेच आहे. पण काही वाढ शोधल्यामुळे दिसलेली आहे. जिथे शोधत नाहीत तिथे शून्य दिसतं.

ओणमच्या आधी, ऑगस्ट 2025 च्या शेवटी, इथे राज्यभर विहिरींत क्लोरीन टाकायची मोहीम झाली. त्याच सुमारास तीन महिन्यांचं एक बाळ गेलं होतं. ते कुठल्या तळ्यात पोहलं नव्हतं, संशय घरच्या विहिरीच्या पाण्यावर होता. त्यानंतर लोक हादरले. मोहीम तेव्हा गाजली, पुढे विहिरींकडे किती जणांनी पुन्हा पाहिलं ते सोडा. शबरीमलाच्या यात्रेकरूंनाही त्या हंगामात सूचना होती की नदीत स्नान करताना नाकात पाणी जाऊ देऊ नका. आपल्याकडचेही पुष्कळ माळाधारी येतात, त्यांना सांगून ठेवा.

कळशी

तीन महिन्यांच्या बाळाचं वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे बाळाला न्हाऊमाखू घालणारी बाई येते. पायावर घेऊन डोक्यावरून धार सोडते, पाणी नाकात जातंच. बंबातलं पाणी कडकडीत असतं, पण त्यात विसण घालतात ते थेट विहिरीचं! उकळून काय साधलं मग?

माडाखालची

कळशी, अगदी नेमकं पकडलंस. विसणासाठी आदल्या दिवशी उकळून झाकून ठेवलेलं पाणी वापरायचं, निदान बाळासाठी. आणि धार कपाळाच्या मागून, हात आडवा धरून. नाकात तेलाचे थेंब घालून फुंकर मारायची ती जुनी सवयही बंद करायला सांग. त्याचा अमिबाशी संबंध नाही, पण तेल फुप्फुसात जातं, बालरोगतज्ज्ञ कधीपासून कानीकपाळी ओरडताहेत.

प्राणायामी

चर्चा चांगली आहे, पण जलनेतीला उगाच बदनाम करू नये. हजारो वर्षांची शुद्धिक्रिया आहे. मी स्वतः रोज करतो, रात्रभर तांब्याच्या लोट्यात ठेवलेल्या पाण्याने. तांब्यात जंतू मरतात हे आता विज्ञानही मान्य करतं.

स्टेथोस्कोप

तांब्याने काही जिवाणू कमी होतात, हे बरोबर. या अमिबासाठी त्यावर विसंबू नका. 2011 मध्ये अमेरिकेत लुइझियानात दोन माणसं गेली, दोघांनीही घरातल्या नळाच्या पाण्याने नाक धुतलं होतं. तळं नाही, विहीर नाही, शहरातला नळ. क्रिया चालू ठेवा, पाणी बदला. खळखळून निदान एक मिनिट उकळा, झाकून कोमट होऊ द्या, मग लिटरला सपाट दोन चहाचे चमचे मीठ. लोटाही त्याच उकळत्या पाण्याने धुऊन वाळवा. आरओच्या नळाचं पाणीही उकळूनच घ्या. गाळणी चांगली असली तरी पुढच्या साठवणटाकीत काय वाढतंय ते आपल्याला दिसत नाही.

प्राणायामी

आमच्या गुरुजींनीही उकळून कोमट केलेलंच पाणी सांगितलं होतं, हे मान्य. शिबिरांत मात्र पिंपातलं पाणी गॅसवर नुसतं कोमट करून वाटतात. आमच्या वर्गात हे बदलून घेतो.

बाणकोटी

नाक धुण्याचा विषय निघाला म्हणून. वुजू करताना, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुताना, आम्ही दिवसातून पाच वेळा नाकात पाणी घेतो. कराचीत 2008 पासून या अमिबाने माणसं दगावत आली आहेत, आणि त्यातले बरेच जण कधी पोहलेच नव्हते, वुजूच्या पाण्याचा संशय होता. तिथल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन पुरेसं नसतं असं तपासणीत दिसलं. आमच्या मशिदीचा हौद विहिरीवर भरतो आणि छपरावर काळ्या टाक्या. एप्रिलात दुपारच्या नमाजाला नळ सोडला तर हात भाजतो. जमातीत विषय काढलाय. तरुणांना लगेच पटलं. एका बुजुर्गांनीच तोडगा सांगितला: पाणी नाकपुडीच्या कडेपर्यंत घ्या, वर ओढू नका, आणि हौदात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) नियमाने पडू दे. रमजानच्या आधी टाक्या घासून काढायचं ठरलंय.

जांभा

बाणकोटींनी काळ्या टाकीचा उल्लेख केला तो महत्त्वाचा आहे. ऑस्ट्रेलियात हा रोग सापडला तेव्हा तिथल्या बऱ्याच मुलांनी तळं पाहिलंही नव्हतं. वाळवंटी भागातल्या पोर्ट ऑगस्टा आणि वायॅला या गावांना शेकडो किलोमीटरवरून जमिनीवरच्या उघड्या नळांतून पाणी यायचं. वाटेत ते तापायचं, क्लोरीन उडून जायचं, आणि गावात पोचेपर्यंत अमिबाला हवं तसं कोमट झालेलं असायचं. उपाय म्हणून त्यांनी नळाच्या वाटेवर पुन्हा पुन्हा क्लोरीन घालायला सुरुवात केली.

आता आपले कातळसडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं, आठवा. राजापूर, लांजा, देवगड पट्ट्यात झऱ्यावरून किंवा खालच्या विहिरीवरून काळा पाइप सड्यावर उघडाच टाकलेला असतो, कारण जांभ्यात चर खणायचा खर्च कुणाला झेपत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात तो पाइप आणि वाडीतली काळी टाकी, दोन्ही तापतात. मला तळ्यांपेक्षा हे जास्त विचार करण्यासारखं वाटतं. तळ्यात मूल मुद्दाम जातं, नळाखाली रोज बसतं. पाइपवर गवत, झावळ्या, माती काहीही टाका, टाकीवर पांढरा रंग किंवा सावली करा, आणि वर्षातून एकदा तरी तळाचा गाळ काढा. पाणी भरून घेताना आधीचं तापलेलं पाणी झाडांना सोडून द्या.

दुसरं, उन्हाळी. म्हणजे गरम पाण्याचे झरे. भिवंडीकडच्या वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून पालीजवळचं उन्हेरे, महाडचं सव, उन्हवरे, संगमेश्वरातली आरवली, तुरळ, राजवाडी आणि खाली राजापूरचं उन्हाळे, अशी ही रांग आहे. ज्वालामुखीचा काही संबंध नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. जिथे पाणी हात घालवणार नाही इतकं कढत आहे तिथे उगमाशी हा अमिबा टिकणं कठीण. पण अंघोळीला सोसेल अशा कुंडात, आणि उगमापासून वाहत निवत जाणाऱ्या पाण्यात, तापमान नेमकं त्याच्या सोयीचं असतं. गंधकाच्या वासाने तो मरतो या समजुतीला आधार नाही. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूपमध्ये 2008 साली 9 वर्षांचा मुलगा गेला तो अशाच गरम झऱ्याच्या कुंडात डुंबून. न्यूझीलंडमध्ये गरम कुंडांवर पाट्याच असतात: डोकं पाण्याखाली घालू नका.

आपल्या कुंडांत अमिबा सापडलाय असा याचा अर्थ लावू नये. गळ्यापर्यंत बसा, सांधे शेका, भाविकांनी तांब्याने खांद्यावरून पाणी घ्यावं. बुडी तेवढी टाळा.

चाकरमानी

एकच पाटी लावली तर बरं होईल. पण पाटी लावली की देवस्थानचे लोक म्हणतील, पर्यटक पळतील.

मालवणी खाजं

पाटी लावा नायतर नको, पोरां बुडी मारतलीच. ‘हय मगर आसा’ असा लिवा, मगे बगा.

कळशी

हसले, पण खरं आहे.

मी ग्रामपंचायत सदस्य आहे, तर पाण्याचं लिहिते. सार्वजनिक विहिरीत टीसीएल टाकायला आमचा जलसुरक्षक आहे, ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची) होते, वहीत नोंद होते. पण वाडीतल्या निम्म्याहून जास्त विहिरी खाजगी, त्यांना कुणी विचारत नाही. लोक म्हणतात औषधाचा वास येतो, चहा बिघडतो. आणि टाकतात तेव्हा मूठभर पावडर वरून भिरकावतात, ती तळाला जाऊन बसते.

हिशोब सोपा आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, मग 785 ने. आलेले लिटर. समजा व्यास 3 मीटर आणि पाणी 4 मीटर, तर साधारण 28 हजार लिटर. दर हजार लिटरला 2.5 ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे जेमतेम 70 ग्रॅम. लोकांना वाटतं किलोभर लागेल! ती बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली पाऊणभर भरायची, दहा मिनिटं ठेवायची. चुना खाली बसतो, तो विहिरीत टाकायचा नाही. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन, दोरीने पाण्याखाली सोडून वरखाली हिसडायचं, सगळीकडे मिसळेल असं. तासभर पाणी काढायचं नाही. मग ओटीचे थेंब घालून बघा, पिवळं झालं म्हणजे क्लोरीन उरलंय. सायंकाळी उन्हं उतरल्यावर केलेलं चांगलं.

पावडरीची पिशवी उघडी ठेवली की आपल्या दमट हवेत तिचा दम जातो. गेल्या वर्षीची अर्धी उरलेली पिशवी वापरणं म्हणजे नुसता चुना टाकणं. तुरटीने गढूळपणा बसतो, अमिबा मरत नाही, तुरटीवर भागवू नका.

चिंचेचा चौथरा

सगळं वाचलं. एक वेगळा मुद्दा, रागावू नका. आमच्या भागात बंद पडलेल्या चिरेखाणी (जांभ्याचे चिरे काढलेल्या खाणी) पावसाळ्यात भरतात, मेपर्यंत पाणी राहतं, पोरं तिथेच पोहायला शिकतात. त्या खाणींच्या भिंती सरळ कापलेल्या, चढायला पायरी नाही, तळ कुठे कमरेएवढा तर पुढच्या पावलाला पुरुषभर. तिथे पोरं बुडतात. अमिबाच्या नावाने एखादी चित्रफीत येते आणि सगळे जागे होतात, पण कुंपण घाला म्हणून वर्षानुवर्षं सांगतोय तर खाणमालक एक तार ओढत नाही.

स्टेथोस्कोप

रागावायचं काय, शंभर टक्के बरोबर. माझ्या अंदाजाने कोकणातल्या मुलाला चिरेखाणीत बुडण्याचा धोका अमिबापेक्षा कैक पटींनी जास्त आहे. कुंपणाने दोन्ही धोके टळतात. उथळ, साचलेलं, उन्हात तापलेलं आणि तळ ढवळलेलं पाणी, हे वर्णन मेमधल्या चिरेखाणीला तंतोतंत लागू पडतं.

माडाखालची

ग्रामसभेत हा विषय अमिबाच्या नावाने मांडा, चौथरा. लोक एरवी ऐकत नसतील तर या भीतीचा तेवढा तरी फायदा होऊ दे. मुलांना पोहू नका म्हणण्यात अर्थ नाही, कोकणात पोहता न येणं हाच मोठा धोका आहे. पाठीला डबा बांधून नदीच्या वाहत्या कोंडीत शिकवा, नाकाला चिमटा लावा (रबरी चिमटे खेळांच्या दुकानात मिळतात), आणि मेच्या अखेरीला पाणी घोट्याएवढं उरलं की त्या डबक्यात खेळू देऊ नका.

आता माझ्या टँकचं कुणी सांगेल का? पाणी निळंशार दिसतं, दर आठवड्याला माणूस येऊन औषध टाकतो.

जांभा

निळंशार म्हणजे स्वच्छ असं नाही, टाइल निळी असेल :)

आठवड्यातून एकदा टाकून मेच्या उन्हात काहीही उरत नाही, ऊन क्लोरीन खातं. मुक्त क्लोरीन लिटरला 1 ते 3 मिलिग्रॅम सतत राहायला हवं, आणि पाण्याचा सामू (पीएच) 7.2 ते 7.8 च्या मध्ये. रोज दोनदा मोजा, पाहुणे भरपूर असतील तर तीनदा. भिंतीला बोट लावून पाहा, बुळबुळीत लागलं तर घासा. त्या बुळबुळीत थरात अमिबा आणि त्याचं खाणं दोन्ही सुखाने राहतात, वरच्या पाण्यातल्या क्लोरीनची त्यांना झळ लागत नाही.

चेकोस्लोव्हाकियात ऊस्ती नाद लाबेम या गावी 1962 ते 1965 मध्ये एका बंदिस्त जलतरण तलावामुळे 16 तरुण गेले. तलाव आधुनिक, पाणी दिसायला स्वच्छ. पुढे शोध घेतला तेव्हा क्लोरीन कमी पडत होतं आणि एका भिंतीआडच्या पोकळीत पाणी साचून राहत होतं असं दिसलं. तुमच्या टँकची टाइल कुठे पोकळ वाजते का, फट आहे का, ते या महिन्यातच बघून घ्या. आणि कारंजं किंवा घसरगुंडी असेल तर त्याची नळी. हंगाम नसताना त्यात पाणी कोंडून राहतं आणि पहिल्या पाहुण्याच्या तोंडावर उडतं.

चाकरमानी

कॉन्टॅक्ट लेन्स घालून पोहलं तर?

स्टेथोस्कोप

तो दुसरा भाऊ, अकँथामिबा. डोळ्याच्या बुबुळाला जखम करतो, फार दुखते, महिनोन्‌महिने उपचार चालतात. लेन्स काढून पोहा, आणि लेन्स नळाच्या पाण्याने कधीच धुऊ नका.

बाणकोटी

कळशीताई, ओटीचं द्रावण आम्हाला मिळेल का? मशिदीच्या हौदासाठी आणि आमच्या वाडीतल्या विहिरींसाठी.

कळशी

दादा, तुमच्या ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे असतंच, आरोग्य उपकेंद्रातही विचारा. बाटलीवर तारीख बघून घ्या, जुनं झालं की रंग नीट येत नाही. आणि पहिल्यांदा टाकाल तेव्हा हौदातला गाळ आधी उपसा, नाहीतर सगळं क्लोरीन तो गाळच खाईल आणि ओटी काही केल्या पिवळी होणार नाही.

माडाखालची

टँकवाल्याला फोन केला. तो म्हणतो, ताई, मोजायचं यंत्र आपल्याकडे नाही, मी वासावरून ओळखतो. यंत्र मागवलंय. ते येईपर्यंत टँक रिकामा.